वाटाड्याच्या नजरेने : कॅरिबियन बेटांवरील हौशी मासेमारीच्या अभ्यासाची प्रस्तावना

पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेची छोटी कादंबरी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, तेव्हापासून क्यूबाचा समुद्र मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. म्हातारा सान्तियागो, त्याची लहानशी होडी, चौऱ्याऐंशी दिवस रिकामी परतणारी गरी आणि अखेरीस लागलेला तो प्रचंड मार्लिन, हे सारे आपण आपल्या भाषेत अनुभवले आहे. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना त्याच पुस्तकाकडे पुन्हा एकदा पाहायला सांगावेसे वाटते. सान्तियागो हौसेने गरवणारा नाही. तो मासा बाजारात विकून पोट भरणारा कोळी आहे. त्याची कथा लिहिणारा माणूस मात्र हौसेनेच गरवणारा होता. १९३४ साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्याकडून त्याने ‘पिलार’ नावाची अडतीस फुटी यांत्रिक बोट घेतली आणि पुढची कित्येक वर्षे तो हवानाच्या समोरच्या त्याच गल्फ स्ट्रीम प्रवाहात त्याच माशांच्या मागे फिरला. एक होडी वल्ह्यांवर चालणारी, दुसरी इंजिनावर. एकाला मासा म्हणजे महिन्याची कमाई, दुसऱ्याला आयुष्यभर सांगावी अशी झुंज. या दोन बोटींमधल्या अंतरात आपला विषय सामावलेला आहे.

कादंबरीतला एक तपशील कथेच्या ओघात सहज नजरेआड होतो. म्हातारा आपली आमिषे चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव अशा वेगवेगळ्या खोलींवर सोडतो आणि दोर अगदी सरळ खाली राहतील याची काळजी घेतो. ही रचना हवाना आणि शेजारच्या कोहीमार गावच्या कोळ्यांची होती, पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून पक्की झालेली. हेमिंग्वेला ती कार्लोस गुतिएरेससारख्या क्यूबन मच्छीमारांकडून कळली. म्हातारा आणि मार्लिन यांच्या त्या कथेचे बीजही तिथल्याच सांगोवांगीतून आले. १९३६ साली ‘एस्क्वायर’ मासिकात त्याने ती आधी काही ओळींत सांगून टाकली होती. या क्षेत्रातले बहुतेक मूळ ज्ञान बेटांवरच्या माणसांचे आहे आणि त्याची नोंद मात्र बाहेरून आलेल्यांच्या नावावर झालेली आहे, हे मी इथे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. विक्रमांच्या याद्या, सोनेरी काळाच्या आठवणी, जाड कागदावरची छायाचित्रे यांतून जो इतिहास हाती येतो तो काठी धरणाऱ्याचा इतिहास आहे. मासा कुठे आहे हे ज्याने पाहिले, त्याचा इतिहास अजून बराचसा लिहायचा आहे.

आधी भूगोल, कारण तो नीट कळल्याशिवाय इथे काहीच कळत नाही. सोयीसाठी ज्यांना आपण कॅरिबियन बेटे म्हणतो त्यांतला बहामा द्वीपसमूह खरे तर अटलांटिकमध्ये आहे. तरीही इतिहास, माणसे आणि मासे यांच्या दृष्टीने तो याच कुटुंबातला. या सगळ्या प्रदेशाचे वैशिष्ट्य म्हणजे अतिशय उथळ आणि अतिशय खोल पाणी एकमेकांना खेटून असते. बहामाच्या चुनखडीच्या पठारांवर मैलोन्‌मैल कमरेएवढे पाणी, आणि अँड्रॉस बेटाच्या पूर्व किनाऱ्याबाहेर थोडे अंतर जाताच ‘टंग ऑफ द ओशन’ ही हजार मीटरहून खोल दरी. पोर्तो रीकोच्या उत्तरेला आठ हजार मीटरहून खोल असलेली गर्ता आहे. व्हर्जिन बेटांच्या उत्तरेला समुद्राचा तळ एकाएकी तुटतो, त्या कडेला तिथले लोक ‘नॉर्थ ड्रॉप’ म्हणतात. कड्यावर प्रवाह आदळून वर चढतो, त्याबरोबर लहान मासे येतात आणि लहान माशांमागे मोठे. इतर अनेक समुद्रांत मोठ्या माशापर्यंत पोहोचायला दिवसभराचा प्रवास करावा लागतो. इथे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परतता येते. श्रीमंत पाहुण्यांचा हा खेळ याच बेटांवर का रुजला, याचे निम्मे उत्तर या कड्यांमध्ये आहे. उरलेले निम्मे फ्लोरिडाच्या सान्निध्यात: बिमिनी हे बेट मायामीपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे.

इतिहासाची सुरुवात मात्र पाहुण्यांपासून करू नये. १४९४ मध्ये, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, क्यूबाच्या दक्षिणेकडील बेटांच्या माळेत युरोपीय खलाशांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. तिथले मूळ रहिवासी डोक्यावर चिकट चकती असलेल्या रेमोरा माशाच्या शेपटीला दोरी बांधून त्याला पाण्यात सोडत. तो जाऊन कासवाला किंवा मोठ्या माशाला चिकटे, आणि मग दोरी हळूहळू ओढून दोघांना वर घेतले जाई. जिवंत मासाच गरी! ज्या बेटांच्या माळेत हे घडले तिला कोलंबसाने राणीच्या सन्मानार्थ ‘हार्दिनेस दे ला रेइना’, राणीच्या बागा, असे नाव दिले. आज तोच प्रदेश क्यूबाचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. व्यापारी मासेमारीला तिथे जवळजवळ मज्जाव आहे, आणि मोजक्या परदेशी पाहुण्यांना मासा पकडून सोडून देण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो. पाच शतकांच्या अंतराने त्याच पाण्यात दोन टोकांच्या मासेमाऱ्या झाल्या. दोन्ही एकाच प्रकरणात वाचाव्यात असा माझा आग्रह आहे.

एकोणिसाव्या शतकातला मोठा माणूस म्हणजे हवानाचा निसर्गतज्ज्ञ फेलिपे पोए. तो मासळीबाजारात हिंडे, कोळ्यांना विचारी, त्यांनी आणून दिलेल्या माशांची चित्रे काढी आणि वर्णने लिही. पांढऱ्या मार्लिनचे शास्त्रीय वर्णन १८६० मध्ये त्यानेच केले. ‘अगूहा ब्लांका’ म्हणजे पांढरी सुई आणि ‘अगूहा दे कास्ता’ म्हणजे निळा मार्लिन, असा भेद क्यूबाच्या होड्यांवर केला जात होता आणि तो शास्त्राच्या कामी आला. क्यूबाच्या माशांवरचा पोएचा प्रचंड ग्रंथ शतकाहून अधिक काळ हस्तलिखितातच पडून राहिला. त्याची प्रकाशित आवृत्ती आता उपलब्ध आहे. स्पॅनिश येणाऱ्या कुणा मराठी अभ्यासकाने तो हाती घेतला तर त्याला अनेक वर्षांचे काम मिळेल.

१९३० चे दशक या क्षेत्रातले सगळ्यात गाजलेले पर्व. त्यावर इतके लिहिले गेले आहे की मी इथे फक्त कामाचे तेवढेच सांगतो. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे प्रमुख चार्ल्स कॅडवॉलेडर आणि मत्स्यतज्ज्ञ हेन्री फाउलर हवानाला ‘पिलार’वर आले. मार्लिनच्या जाती नेमक्या किती, रंग आणि आकार वयाने बदलतात की लिंगाने, हा त्यांचा प्रश्न होता. फाउलरने पुढे एका काटेरी माशाला हेमिंग्वेचे नाव दिले. १९३५ मध्ये हेमिंग्वे बिमिनीला गेला. तिथे भलेथोरले कुपे (ट्यूना) गळाला लागत, पण बोटीपर्यंत येता येता शार्क त्यांचे लचके तोडून फक्त डोके आणि काटा शिल्लक ठेवत. माशाला दम खाऊ न देता सतत ओढत राहायचे, शार्कला वेळच द्यायचा नाही, या पद्धतीने तिथला पहिला अखंड कुपा त्याने काढला असे मानले जाते. कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला आलेला शेवट लेखकाने असा आधीच जवळून पाहिला होता.

बिमिनीतच मायकेल लर्नर या व्यापाऱ्याची हौस वेगळ्या वळणाला गेली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी त्याने मोहिमा काढल्या, आणि १९३९ मध्ये त्याच संग्रहालयात इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष विल्यम ग्रेगरी हे प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि फ्रान्सेस्का लामाँट या संग्रहालयातल्या मत्स्यतज्ज्ञ बाई संस्थेचा कारभार पाहत. जगभर पाळले जाणारे विक्रमांचे नियम या संस्थेने घडवले. त्यांतला मध्यवर्ती नियम असा: मासा गरीला लागल्यापासून तो बोटीशी येईपर्यंत काठीला किंवा दोराला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. नियम न्याय्य आहे आणि खेळाला त्याने शिस्त दिली. पण त्याचा एक परिणाम अभ्यासकाने ओळखायला हवा. ज्याने जागा निवडली, आमिष बांधले, बोट माशाच्या वेगाने मागे नेली, त्या तांडेलाचे कष्ट विक्रमाच्या हिशेबातून या नियमाने बाहेर गेले. ‘पिलार’चा तांडेल ग्रेगोरिओ फुएन्तेस एकशे चार वर्षे जगला, म्हणून निदान त्याच्या मुलाखती तरी उरल्या.

आता ज्या भागासाठी मी ही प्रस्तावना मुख्यतः लिहितो आहे, त्याकडे येऊ. मार्लिनचा गाजावाजा फार झाला. या बेटांची खरी विद्या उथळ पाण्यात आहे. बोनफिश हा मासा चांदीच्या आरशासारख्या खवल्यांचा, सहसा दोन-तीन किलोचा. भरतीबरोबर तो तिवरांच्या कडेने गुडघाभर पाण्यात चरायला येतो आणि तळाच्या वाळूतले खेकडे, कोळंबी, शिंपले उकरून खातो. खवले भोवतालचे पाणी आणि वाळूच परत दाखवतात, त्यामुळे समोर असलेला मासाही नवख्याला दिसत नाही. दिसते ती तळावरची सावली, किंवा वाऱ्याने उठलेल्या लाटांमध्ये विरुद्ध दिशेने सरकणारी एक अस्वस्थ रेषा, किंवा मासा डोके खाली घालून चरत असला तर पाण्याबाहेर आलेले शेपटीचे टोक. वाटाड्या लांब बांबूने होडी ढकलत उभा असतो. तो हलक्या आवाजात सांगतो, ‘अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे जातोय’. होडीचे नाक म्हणजे बारा. पाहुण्याने तेवढ्यात पिसांची बनावट कोळंबी नेमकी त्याच्या पुढ्यात टाकायची. चूक झाली तर मासा क्षणात नाहीसा होतो. लागला तर पहिल्याच धावेत शंभर मीटर दोर घेऊन जातो.

या प्रसंगात पाहुण्याच्या वाट्याला शेवटचे काही सेकंद येतात. त्याआधीचे सगळे वाटाड्याचे असते: कोणत्या तिथीला भरती किती चढेल, उत्तरेच्या गार वाऱ्यानंतर मासा उथळात कधी परतेल, ढग आल्यावर कोणत्या रंगाच्या तळावर सावली ओळखता येईल. अँड्रॉसचे चार्ली स्मिथ हे असेच नामांकित वाटाडे. ‘क्रेझी चार्ली’ ही जगभर आमिष म्हणून वापरली जाणारी बनावट माशी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला मण्यांच्या साखळीचे डोळे असतात, त्यामुळे ती उलटी होऊन तळाशी बसते आणि गरी गवतात अडकत नाही. बिमिनीचे ॲन्सिल सॉन्डर्स लाकडी होड्या बांधणारे आणि त्याच होड्यांतून बोनफिश दाखवणारे. १९७१ मध्ये त्यांच्या होडीवर पाहुण्याने धरलेला सोळा पौंड तीन औंसांचा, म्हणजे सव्वासात किलोंहून जड बोनफिश दोराच्या ताकदीच्या एका वर्गातला जागतिक विक्रम ठरला. पण सॉन्डर्स यांची अधिक सांगितली जाणारी आठवण वेगळी आहे. १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बिमिनीला आले होते. सॉन्डर्स त्यांना तिवरांमधल्या शांत खाडीत घेऊन गेले, आणि नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणावर किंग यांनी त्या होडीत बसून काम केले. सृष्टीविषयीचे स्वतः रचलेले स्तोत्र सॉन्डर्स यांनी त्यांना म्हणून दाखवले. आज त्या खाडीत किंग यांचा अर्धपुतळा आहे. मत्स्यव्यवसायाच्या अहवालात ही आठवण कुठे बसवायची, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. माझे उत्तर असे की वाटाड्या म्हणजे केवळ मासा दाखवणारा नोकर, ही समजूत एवढ्या एका होडीने खोटी ठरते. तेव्हा ती आठवण अहवालाच्या पहिल्या पानावर बसवावी.

जीवशास्त्राने अलीकडे जे शोधले त्यातही वाटाड्यांच्या सांगण्याचा मोठा वाटा आहे. हिवाळ्यातल्या पौर्णिमांच्या सुमारास बोनफिश ठरावीक जागी हजारोंनी जमतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि रात्री कड्यावरून खोल समुद्रात उतरतात, हे वाटाड्यांना अर्धेमुर्धे माहीत होते. संशोधकांनी माशांच्या अंगी आवाज सोडणाऱ्या खुणा बसवून त्यांचा पाठलाग केला, तेव्हा ते शंभर मीटरहून खोल जाऊन अंडी घालतात असे दिसले. कमरेएवढ्या पाण्यातल्या माशाबद्दल हे कोणी कल्पिले नसते. अंड्यांतून निघणारे पिल्लू पारदर्शक फितीसारखे असते आणि सुमारे दोन महिने प्रवाहांवर तरंगते. म्हणजे एका बेटावरच्या माशाची पिढी दुसऱ्या बेटावर, कदाचित दुसऱ्या देशात वाढते. एका बेटाने कायदा केला आणि शेजाऱ्याने जाळे टाकले, तर दोघांचेही नुकसान.

मार्लिनच्या बाबतीत ही सरमिसळ आणखी मोठ्या अंतराची आहे. हौशी गरवणाऱ्यांनी माशाला खूण लावून सोडायचे आणि पुन्हा कोणाला सापडला तर कळवायचे, ही पद्धत अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या फ्रँक मॅथर यांनी १९५४ पासून रूढ केली. अमेरिकेच्या डेलावेअर किनाऱ्याबाहेर खूण लावलेला एक निळा मार्लिन १,१०८ दिवसांनी मॉरिशसजवळ सापडला, म्हणजे आपल्या हिंदी महासागरात. आणखी एक गोष्ट नियम करणाऱ्यांनी उशिरा मनावर घेतली: निळ्या मार्लिनचा नर दीडशे-एकशे साठ किलोंच्या वर क्वचितच जातो. व्हर्जिन बेटांच्या सेंट थॉमसला १९७७ मध्ये धरलेला सुमारे ५८१ किलोंचा मार्लिन विक्रमी ठरला. तो आणि धक्क्यावर टांगून ज्यांची छायाचित्रे काढली गेली ते जवळजवळ सगळे राक्षसी मासे माद्या होत्या. सर्वांत मोठी मादी सर्वांत जास्त अंडी देते. ती छायाचित्रे पाहताना हे लक्षात असावे.

म्हणूनच ‘पकडा आणि सोडा’ ही रीत आली. ती आवश्यक आहे असे माझे ठाम मत आहे, पण ती पुरेशी मानणे चुकीचे. एल्यूथेरा बेटावरच्या संशोधनात दिसले की सोडताना ज्या बोनफिशचा तोल गेलेला असतो तो शार्क किंवा बाराकुडाच्या तोंडी जाण्याची शक्यता सहा पटींहून अधिक असते. मासा किती वेळ झुंजवला, छायाचित्रासाठी किती वेळ हवेत धरला, यावर त्याचे जगणे ठरते. मार्लिनसाठी टोक आत वळलेली गोल गरी उपयोगी ठरली, कारण ती पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. अमेरिकेने अटलांटिकमधल्या आपल्या मार्लिन-स्पर्धांत नैसर्गिक आमिषाबरोबर ती २००८ पासून सक्तीची केली.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. बहामातल्या उथळ पाण्यातील मासेमारीतून देशाला वर्षाला सुमारे १४ कोटी १० लाख डॉलर मिळतात, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने मांडला. दूरच्या, इतर पर्यटन न पोहोचलेल्या बेटांवर हा पैसा घरोघर जातो, आणि बोनफिश जाळ्याने धरण्यावर किंवा विकण्यावर देशभर बंदी आहे. २०१७ मध्ये परदेशी गरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारे नियम आले, त्यावर मोठा वाद झाला. बाहेरच्या विश्रामगृहांचे मालक आणि स्थानिक स्वतंत्र वाटाडे यांचे हितसंबंध एक नाहीत हे त्या वादात उघड झाले. दक्षिणेकडे मार्टिनिक, ग्वादलूप, डॉमिनिकात लहान होड्यांचे कोळी खोल पाण्यात नांगरलेले तराफे ठेवतात. त्यांच्या सावलीला मासे जमतात, आणि मार्लिनही सापडतो. तो मासा त्या घरचे उत्पन्न आहे. उत्तरेतला हौशी गरवणारा मार्लिन मारू नका म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे माशाच्या बाजूने खरे असते; पण मोठी हानी खोल समुद्रातल्या औद्योगिक लांब दोरांच्या जहाजांनी केली आहे, आणि त्याचा भार तराफ्यावरच्या कोळ्यावर टाकणे मला मान्य नाही.

या वादांच्या जोडीला निसर्गाचे आघातही आहेत. सप्टेंबर २०१९ मधल्या डोरियन चक्रीवादळाने आबाको आणि ग्रँड बहामाची तिवरांची जंगले उभीच्या उभी मारली. तिथे पुन्हा रोपे लावण्याच्या कामात वाटाडे आणि शाळकरी मुले आहेत. २०११ पासून सारगॅसम शेवाळाचे लोंढे पूर्वेकडच्या बेटांवर येऊन पडू लागले आहेत. या दोन गोष्टींचा पुढच्या पिढीच्या माशांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न नव्या अभ्यासकांची वाट पाहतो आहे.

मराठी वाचकाला या क्षेत्रात दारे अनेक आहेत. पवईच्या तळ्यावर गरवणारी मंडळी काठी आणि रिळाची भाषा आधीच जाणतात. त्रिनिदादच्या कोळ्यांची किंगफिश आणि कॅरीट ही आपल्या सुरमईच्याच प्रजातिगटातली मासळी आहे. वाङ्मयाकडून येणाऱ्याने हेमिंग्वेबरोबर सेंट लुशियाच्या डेरेक वॉलकॉटचे ‘ओमेरोस’ वाचावे. तिथे बेटावरचा कोळी पाहुण्याच्या नजरेने रंगवलेला नाही, तो स्वतः महाकाव्याचा नायक आहे. अर्थशास्त्राकडून येणाऱ्याने परवान्यांच्या वादापासून सुरुवात करावी. आणि कोकणातल्या एखाद्या कोळी घरातून कोणी आले तर त्याला उधाण आणि भांग यांचा हिशेब नव्याने शिकवावा लागणार नाही. वयोवृद्ध वाटाड्यांच्या मुलाखती घेण्याचे काम सर्वांत निकडीचे आहे, आणि ते मी अशाच अभ्यासकाकडे सोपवीन. कोणत्या पौर्णिमेला, कोणत्या वाऱ्यावर, कोणत्या खाडीच्या तोंडाशी मासे जमतात, हे कसे विचारायचे ते त्याला घरूनच ठाऊक असेल.